मीच हाय

भिसेगावातले आमचे गिरणीवाले मोबाइलवर विलायती मांत्रिकांच्या दीक्षाविधींचा अभ्यास करतात. गिऱ्हाईक खोळंबलं की म्हणतात, "थांब रं, दीक्षा चाललीय."

एका दुपारी मी गिरणीत गेलो, तर त्यांनी डोळ्यांवर टॉवेल बांधला. "भाऊ, हे एकट्याला जमत नाय. तुमी दार अडवा, कोण म्हणून इचारा. उत्तर चुकलं तर आत घेऊ नका." विधीतलं उत्तर त्यांनी कधीचं पाठ केलं होतं.

मी दरडावलं, "कोण?"

"मीच हाय, उघडा की!" सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं. तोंड उतरलं. "चुकलं ना?"

खरं सांगतो, मी हसायलाच गेलो होतो. पण "बरोबर, आत या," म्हणालो आणि चौकट लागू नये म्हणून त्यांच्या डोक्यावर हात धरला.

तीच दीक्षा समजून ते हात जोडून उभे राहिले. मीही हात काढला नाही.