लाल गाडीचे शॉक

गॅरेजमध्ये जुना पार्ट कुणी टाकत नाही. 'लागेल कधीतरी' म्हणून कोपऱ्यात ठेवतात. किश्शांचंही तसंच होतं. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे मोठी माणसं माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. ढीग माझ्याकडे साठतो.

अंबरनाथ पश्चिमेला अण्णाशेठचं गॅरेज आहे. माझे बाबा तिथे मिस्त्री. शाळा सुटली की मी त्यांचा चहा घेऊन जाते. यंदा कारखान्यातल्या एका साहेबांनी विलायतेला परत निघालेल्या गोऱ्याकडून लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची! अण्णाशेठ बाबांना म्हणाले, "ही साहेबांच्या मनासारखी झाली तर तुम्ही हेडमिस्त्री. नाही तर मुंबईहून माणूस आणतो."

* * *

गाडी पहिल्यांदा आली तेव्हा साहेब वैतागले होते. "फाटकात रूळ ओलांडताना माझी हॅट उडाली, मिस्त्री!"

बाबांनी मडगार्ड हाताने दाबून सोडलं. गाडी वरखाली, वरखाली होत राहिली.

"शॉक गेलेत, साहेब. दाबली की एकदा वर येऊन थांबायला पाहिजे. ही अजून नमस्कारच घालतेय!"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

* * *

विलायतेहून नवे शॉक मागवले तर वर्ष जाणार. म्हणून बाबा उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पात लालूमलकडे गेले. तो जुने पार्ट विकतो. इंग्रजी नंबर वाचायला मी सोबत.

हा शॉक म्हणजे एक ओतीव डबा आणि त्याला बाहेर एक दांडा. दांडा हलवला की आतलं तेल त्याला अडवतं. बाबा डोळे मिटून एकेक दांडा हळू वरखाली करत होते. सहातले दोन त्यांनी बाजूला सारले. "मध्येच हलके लागतात."

लालूमल माझ्याकडे बघून म्हणाला, "बेटी, तेरा बाप शॉक की नाडी देखता है! कराची में मेरी दुकान थी, उधर भी ऐसा मिस्त्री नहीं देखा."

परत येताना बाबा वाटेत दोनदा आपणहून हसले. घरी ते असे हसत नाहीत.

* * *

ते चार शॉक साहेबांच्या मेव्हण्याने पायाने ढकलले. "हे भंगार? मी मिलिटरीचा माल आणलाय!" त्याने आणलेले शॉक लष्करी लॉरीचे होते, दुप्पट जाड, वरून ताजा हिरवा रंग.

बाबा म्हणाले, "साहेब, हलकी गाडी आहे. एवढे कडक शॉक लावले तर चाक रस्ता सोडेल. शॉक धरणारा चेसीवरचा ब्रॅकेटही तुटेल."

"लावून तर बघा!" मेव्हणा म्हणाला.

लावले. साहेब उभ्या गाडीत बसले आणि मेव्हण्याने मागे उड्या मारल्या. गाडी जागची हलली नाही. "वा! दगडासारखी आहे!" साहेब म्हणाले.

"शॉक चालत्या गाडीत कळतो, साहेब."

अण्णाशेठ मध्येच म्हणाले, "मिस्त्री, साहेब सांगतात तेच ठेवा."

मी कप घेताना हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही पुढे का नाही बोललात?"

"गप्प राहायचं तुला जमतं. मीही शिकतोय."

* * *

पहिल्या रविवारी साहेबांनी बाईसाहेबांना शंकराच्या देवळात नेलं. जाताना बाईसाहेब गाडीतून गेल्या, येताना टांग्यातून आल्या! साहेब गॅरेजमध्ये सांगत होते, "बायकांना स्पोर्ट्स कार कळत नाही."

* * *

पुढच्या रविवारी वांगणीच्या वाटेवर ब्रॅकेट तुटला आणि गाडी भाताच्या खाचरात गेली. साहेबांचं मनगट मोडलं. गावातल्या म्हाताऱ्याने बैल जुंपून गाडी वर काढली आणि म्हणाला, "दोन मानसांची गाडी, नि ओढाया चार बैल!"

गॅरेजमध्ये हे सांगताना सगळ्यांना हसू आवरेना. बाबा तुटलेला ब्रॅकेट हातात घेऊन उभे होते.

* * *

साहेबांचा निरोप आला : चूक कुणाची ते लेखी द्या, नाही तर कारखान्यातल्या एकाही साहेबाची गाडी तुमच्याकडे येणार नाही.

शनिवारी माझी शाळा लवकर सुटली होती आणि बाबा नुकतेच जेवायला आले होते, तेवढ्यात अण्णाशेठ भर दुपारीच आमच्या खोलीवर आले. खुर्चीवर बसले. आई दाराआड उभी होती.

"मिस्त्री, हेडमिस्त्रीचं आता विसरा. मुंबईचा माणूस सोमवारी येतोय. पण एवढं लिहून दिलंत तर त्याच्या हाताखाली राहाल. नाही तर मला तुम्हाला ठेवता यायचं नाही."

बाबांच्या हातांना ग्रीस होतं. कागद माझ्यापुढे आला. अण्णाशेठ सांगत गेले, मी लिहीत गेले : 'सदर शॉक मी स्वतःच्या मर्जीने निवडले व बसवले.'

बाबांनी सावकाश वाचलं. 'बसवले'खाली बोट ठेवून म्हणाले, "हे खरं आहे." आणि सही केली.

अण्णाशेठनी कागद उचलला, शाई वाळेपर्यंत उजेडात धरला, आणि खूश झाले.

"काय मोत्यासारखं अक्षर आहे हो मुलीचं! हिला खूप शिकवा, मिस्त्री!"