पाटीवरची कोरी जागा

गल्लीतली पाटीवाली रागीट म्हणून प्रसिद्ध होती, आणि ते काही खोटं नव्हतं. दारावर लावायच्या पितळी पाट्या ती हाताने कोरायची. बापाने हिला छिन्नी दिली आणि जीभही तीच दिली, असं तिची वहिनी म्हणायची. एखादं गिऱ्हाईक "नाव काय घालायचं ते ठरवून सांगतो" म्हणालं, की ही बाई पाटी बाजूला सारायची. पितळेवर पडलेला घाव पुसता येत नाही. आधी नक्की करा, मग या.

आणि हिचं स्वतःचं? चार वर्षं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या "बघू"वर अडकलेली! लग्नाचं काढलं की बघू. आईला भेटायला कधी येतोस? बघू. एकदा तिने सरळच विचारलं, "तुला मी नकोय का?" तर म्हणे, "असं कुठे म्हणालो मी?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

त्या दुपारी तो हसतच आला. नवी खोली मिळाली होती, दाराला पाटी हवी होती.

"कुणाकुणाचं नाव घालू?" तिने पेन्सिल उचलली.

"सध्या माझंच घाल, वरच्या अर्ध्यात. खाली जागा ठेव."

"कशाला?"

"अगं, उद्या आपलं ठरलंच तर तुझं घालता येईल."

"ठरलंच तर? आणि ठरवणार कोण, शेजारी?"

"लगेच चिडतेस काय? तुझ्यासाठीच जागा ठेवतोय ना!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षांत या बाबाने दिलं काय, तर चार बोटं कोरं पितळ. वर उपकार केल्याचा आव!

"बस," ती म्हणाली. "आत्ताच करून देते."

तो मोबाइल बघत बसला. तिने पट्टी लावून पाटीचा मध्य काढला आणि ठोकायला सुरुवात केली. तासाभराने पाटी पुसून त्याच्यापुढे आदळली. त्याचं नाव या कडेपासून त्या कडेपर्यंत, वरपासून खालपर्यंत. सुई शिरायला जागा नव्हती.

"हे काय? आणि तुझं नाव?"

"उद्या कुणाचं नक्की झालंच, तर नवी पाटी कोरून देईन," ती म्हणाली. "माझं मात्र नसेल."

तो गेला. मग ती रडली, त्याच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त चिडून. चार वर्षं खाली जागा मोकळी ठेवून वाट बघणारी तीच तर होती.