जेवणाचा टेम्पो

चाकणच्या आमच्या कंपनीच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले मामा निवृत्त फौजी आहेत. मॅनेजरची गाडीसुद्धा ते खाली आरसा फिरवून तपासतात, माझी बॅग तर रोज उघडायला लावतात. याचा मला रागच यायचा. कॅन्टीनच्या जेवणाचा टेम्पो मात्र त्यांनी कधी थांबवला नाही. हॉर्न ऐकू आला की बॅरिअर वर.

"मामा, त्यालाच सूट का?" मी एकदा चिडून विचारलं.

"जेवान अडवायचं न्हाई," एवढंच म्हणाले.

यंदा कंत्राटी कामगारांनी मशीन बंद करून शॉपफ्लोअरवर, मशीनपाशीच ठिय्या दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी एचआरचे साहेब बाहेरून आले आणि गाडी गेटच्या कडेला लावून उतरले. "आज टेम्पो आत सोडू नका. भूक लागली की येतील बाहेर."

मामा सावधान उभे राहिले. "सर, शांतिसेनेत परदेशात एका नाक्यावर होतो मी. गावानं शरण यावं म्हणून बंदूकवाल्यांनी धान्याचे ट्रक अडवलेवते. आमाला मधी पडायचा हुकूम नव्हता. आमी बघत उभं राह्यलो. शरण कुणी आलं न्हाई, सर. लेकरं मेली."

"अहो, इथे काय युद्ध चाललंय?"

तेवढ्यात हॉर्न वाजला. मामांनी साहेबांच्या डोळ्यांत बघत बॅरिअर वर केला. टेम्पो आत गेला. रागाने लाल झालेले साहेब गाडीत बसून आत जायला निघाले, तोवर बॅरिअर खाली आला होता.

मामा आरसा घेऊन पुढे झाले. "डिकी उघडा, सर."