पाठीमागचा पट्टा

टायहापे गावाच्या वरच्या डोंगरात नोलीनची चाळीस वर्षं मेंढ्यांमागे गेली. अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतानाही ती कधी डगमगली नाही. पण शेजारचा कीथ गेला त्या दिवसापासून उतारावरचा क्वाडचा, त्या चारचाकी मोटारसायकलचा, आवाज बंद पडला, की ती हातातलं काम टाकून कान देऊन उभी राहायची. कीथच्या क्वाडवर तणनाशकाची टाकी होती, अर्धी भरलेली. आडव्या उतारावर आतलं पाणी एका अंगाला गेलं, क्वाड उलटली आणि कीथ खाली. तो सापडला नोलीनलाच, त्याच्या कुंपणाशी. त्याचा कुत्रा शेजारी बसून होता, हाका मारल्या तरी जागचा हलेना.

म्हणून नवऱ्याची, मर्व्हची, जुनी क्वाड मोडीत निघाली तेव्हा आता छोट्या मोटारीसारखी बग्गीच घ्यायची, या हट्टाला ती पेटली. दुकानाच्या आवारात मर्व्ह नव्या क्वाडवर टांग टाकून बसलासुद्धा होता.

"हीच बरी. त्या बग्गीत बसून काय गोल्फ खेळायला जाऊ?"

"बग्गीला वर पिंजरा आहे. उलटली तरी माणूस चिरडत नाही."

"पिंजरा कोंबड्यांना लागतो, नोलीन."

"कोंबड्यांना तुझ्यापेक्षा अक्कल आहे. संध्याकाळी घरी येतात!"

दुकानदार हसला. बग्गी आपल्या फाटकांतून जायची नाही, असा मर्व्हने शेवटचा फाटा फोडला. नोलीनने खिशातून चिठ्ठी काढली. चौदाही फाटकांची मापं ती आदल्या दिवशीच घेऊन बसली होती. बग्गी घरी आली आणि नोलीन तीन आठवडे रोज रात्री गाढ झोपली.

मग एका सकाळी तो चहाचा थर्मास विसरला, म्हणून ती शेडमध्ये गेली. मर्व्ह मागे चारा चढवत होता. ड्रायव्हरची सीट रिकामी होती आणि पट्टा मात्र लावलेला, सीटच्या पाठीला चिकटून, मर्व्हच्या पाठीने घासून गुळगुळीत झालेला. पट्टा लावल्याशिवाय बग्गी वेग घेत नाही. म्हणून या पठ्ठ्याने तो कायमचा लावून टाकला होता आणि त्याच्या पुढ्यात बसून डोंगर पालथा घालत होता. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय! नोलीनने थर्मास खाली ठेवला.

"हे काय, मर्व्ह?"

"चौदा फाटकं आहेत. दर वेळी कोण काढणार आणि घालणार? सगळेच असं करतात."

ती शेजारच्या सीटकडे गेली, तिथला पट्टा तसाच पाठीमागे लावला आणि पट्ट्यापुढे बसली.

"चल. कीथच्या कुंपणाकडून जाऊ."

"वेड लागलंय का तुला? तू तर तिकडे फिरकतही नाहीस."

"आज फिरकते."

तो निघाला. आडव्या उतारावर बग्गी कलली, तशी खालची दरी थेट तिच्या मांडीशी आली. कीथचं कुंपण दिसलं. आता उडी मारावी असं नोलीनला वाटलं, पण तिने पिंजऱ्याची दांडी सोडली नाही. मर्व्ह हळू झाला, मग थांबला.

"उतर."

"नाही."

"अगं, कलंडली तर तू बाहेर फेकली जाशील, आणि हा पिंजरा तुझ्याच अंगावर..."

तो कुंपणाकडे बघत बसला. मग त्याने हात लांब करून तिचा पट्टा सोडवला आणि तिच्या छातीवरून घेतला. दोनदा खटका चुकला, तिसऱ्यांदा बसला. नंतर त्याने स्वतःचा पट्टा लावला.

पुढे पहिलं फाटक आलं. शेजारी बसेल त्याने फाटक उघडायचं, ही तिकडची रीत. नोलीन उतरायला हलली.

"बस तू," मर्व्ह म्हणाला.

पट्टा काढून तो उतरला. फाटक उघडलं, बग्गी पुढे घेतली, फाटक लावलं, परत येऊन बसला. नोलीन समोर बघत राहिली आणि पट्ट्याचा खटका ऐकू येईपर्यंत तिने श्वास सोडला नाही.

अजून तेरा फाटकं होती.