प्रलंबित माफी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, गुलामगिरीबद्दल नेदरलँड्सच्या सरकारने आणि खुद्द राजाने मागितलेली माफी आमच्या दादांनी अद्याप स्वीकारलेली नाही. प्रकरण विचाराधीन आहे. दादा म्हणजे माझ्या बायकोचे आतेभाऊ. फेल्डहोवनला चिप बनवायची यंत्रं जिथे तयार होतात तिथे ते इंजिनिअर आहेत, आणि उरलेल्या वेळात साऱ्या डच राष्ट्राविरुद्धचे फिर्यादी. राजा माफीचं भाषण करत होता तेव्हा हे टीव्हीसमोर हाताची घडी घालून बसले होते. भाषण संपलं, पडद्यावर लोक रडत होते, आणि आमचे दादा तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरांच्या सुरात म्हणाले, "ठीक होतं. पण वेंगुर्ल्याचा उल्लेख नाही."

वेंगुर्लं हे दादांचं गाव. तिथे डचांच्या जुन्या वखारीचे अवशेष आहेत आणि दादांच्या शाळेची सहल दर वर्षी तिथेच जायची, कारण एसटीचा खर्च नाही. एवढ्या भांडवलावर दादांनी स्वतःला पीडितांच्या पहिल्या रांगेत बसवून घेतलं आहे. त्या वखारीतून नेमकं काय गेलं, कापड, मिरी की माणसं, हे त्यांनी कधी तपासलेलं नाही. तपासत बसलं की फिर्यादीतला जोर जातो, असं त्यांचं मत असावं. पुण्याहून कोणी पाहुणा आला की बाकीचे लोक त्याला ट्यूलिप दाखवतात. दादा त्याला ॲमस्टरडॅमच्या कालव्यांवर नेतात आणि एकेका देखण्या घराकडे बोट दाखवत सांगतात, हे साखरेवर उभं आहे, हे कॉफीवर, आणि दोन्हीच्या खाली माणसं आहेत. माझे सासरे तासभर पावसात उभे राहून हे ऐकत होते. शेवटी त्यांनी केविलवाण्या आवाजात विचारलं की, इथे निर्दोष असं एखादं घर आहे का, जिथे बसून चहा घेता येईल?

आता गंमत अशी की दादांचं म्हणणं खोटं नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत कायद्याने गुलामगिरी संपल्यावरही त्याच माणसांना आणखी दहा वर्षं मळ्यांवर राबवलं, भरपाई मिळाली ती मालकांना, आणि पुढे मजूर कमी पडले तेव्हा आपल्याकडची माणसं करारावर बोटीत घातली, हे सगळं ते धडाधड सांगतात. समोरचा डच माणूस मग हमखास म्हणतो की, ते फार जुनं झालं, आमचे आजोबा तर बटाटे खणत होते. यावर दादांचं ठरलेलं उत्तर असतं की, खणत असतील, पण ते उकडून खाल्ल्यावर वर गोड काय खात होते ते सांगा. दादांच्या कचेरीत एकदा या विषयावर जागृतीसाठी दुपारचा कार्यक्रम ठेवला होता. अर्धा तास खेद, पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं, सोबत चीज घातलेला पाव. दादा घरी आले ते धुमसतच. माणसं विकली ती गलबतं भरभरून, आणि पश्चात्ताप करायचा तो थंड पावावर, निदान गरम काही तरी ठेवायचं, असं ते आठवडाभर म्हणत होते.

न्यायबुद्धीचा हा लखलखीत झोत फक्त घराबाहेर पडतो. घरात, दिवाणखान्याच्या भिंतीवर, वेंगुर्ल्याच्या अंगणात काढलेला एक मोठा फोटो आहे. खुर्चीवर आजोबा, शेजारी आजी, पायाशी कुत्रा आणि मागे, अर्धा चौकटीबाहेर, आजोबांच्या डोक्यावर छत्री धरून उभा असलेला एक उघडा माणूस. दादा प्रत्येक पाहुण्याला हा फोटो समजावून सांगतात. आजोबांच्या मिशा होतात, आजीची नथ होते, कुत्र्याने बिबट्याला कसं पिटाळलं ते साभिनय होतं. छत्रीवाल्यापाशी आले की म्हणतात, "तो आपला गडी. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडेच, पोटावारी. अगदी घरच्यासारखा." आणि लगेच चहाचं विचारतात.

दादांची लेक सई बारा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. डब्यात काय आणलंय हेसुद्धा ती वर्गात कुणाला सांगत नाही. या सईला वर्गापुढे गुलामगिरीवर बोलायचं होतं. दादांनी तिला न विचारता अख्खं भाषण लिहून दिलं; सुरुवात अर्थात वेंगुर्ल्याच्या वखारीपासून. आपली मुलगी भर वर्गात आपल्या गावाचं नाव घेणार, या कल्पनेनेच ते हरखून गेले होते. सईने ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि सांगितलं की, ज्यांच्या घरात हे खरंच घडलं त्यांच्यासमोर बाबांनी आधी हे बोलून दाखवावं, मग ती ठरवेल.

तशी संधीही होती. दादांच्या घरापासून दोन घरं सोडून एक सुरिनामी बाई राहतात. निवृत्त नर्स, त्यांचे पूर्वज मळ्यावरचे गुलाम. दर वर्षी एक जुलैला, गुलामगिरी संपल्याच्या दिवशी, त्या शेजाऱ्यांना जेवायला बोलावतात. जेवणाआधी एक रीत असते. एका कडू लाकडाचा तुकडा चघळायचा, मग समोरच्याच्या मनगटांना, जिथे बेड्या असायच्या तिथे, खोबरेल तेल चोळायचं. मग एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी मध्ये एक शब्द न काढता ऐकायचं. या वर्षी आम्ही सगळे गेलो. दादांना जागा मिळाली ती नेमकी त्या बाईंच्या समोर. खोबरेल दिसताच त्यांच्यातलं कोकण जागं झालं. त्यांनी वास घेतला, आमच्याकडचं जास्त ताजं असतं असा शेरा दिला, तळहातावर चांगलं थबथबीत ओतून घेतलं आणि सवयीने हात बाईंच्या टाळूकडे नेला. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, जोरात खोकल्या म्हणून तो वाटेत वळून मनगटावर आला.

आधी बाई बोलल्या. त्यांच्या पणजीच्या आईला मालकाने ठेवलेलं नाव तेवढं घरात माहीत आहे. तिच्या स्वतःच्या आईने तिला काय हाक मारली असेल ते कुणालाच ठाऊक नाही. एवढंच त्यांनी शांतपणे सांगितलं. दादा तोवर गप्प होते. लग्नानंतर हे पहिल्यांदाच, अशी वहिनींची साक्ष आहे. मग बाईंनी त्यांची मनगटं हातात घेतली आणि दादा सुटले. वखार झाली, गलबतं झाली, डचांची मग्रुरी झाली, आणि गाडी आजोबांच्या स्वाभिमानावर आली. तेव्हा सईने नियम मोडला. तिने डचमध्ये, अगदी साधेपणाने विचारलं की, त्या छत्रीवाल्या माणसाचं नाव काय होतं?

दादांनी तोंड उघडलं. "आपला गडी" हे शब्द ओठांपर्यंत आलेले मी पाहिले आणि परत गेलेलेही पाहिले. इतक्या वर्षांत मी या माणसाची हवी तेवढी टिंगल केली आहे, पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना. डोळ्यांपुढे त्यांना तो फोटो दिसत असणार. मिशा, नथ, खुर्चीचे हात. छत्रीपाशी येऊन ते रिकाम्या हातांनी परत फिरत असणार. सईने पुढे वर्गात भाषण केलं, त्यात वेंगुर्ल्याचं नाव होतं. फक्त वखारीऐवजी छत्री होती. दादा हल्ली रविवारी गावाकडे फोन लावून म्हाताऱ्या माणसांना तेच एक विचारत असतात, आणि तिकडून अजून कुणाला काही सांगता आलेलं नाही. राजाच्या माफीबद्दल ते आता फारसं बोलत नाहीत. पण त्या दिवशी बाई त्यांच्या मनगटावर तेल चोळतच होत्या, आणि ज्यातलं तिथल्या डच माणसांना एक अक्षर कळणार नव्हतं अशा मराठीत दादांच्या तोंडून निघून गेलं, "कुत्र्याचं नाव मोती होतं."