ओल्या रेतीला कान लावणारे सर

आदरणीय चिंतामण सरांची नि माझी पहिली गाठ पडली ती पालघरच्या आमच्या टायपिंगच्या दुकानात, तीही माझ्या फजितीने. सर बायबलातल्या दुर्मिळ हिब्रू शब्दांचा मराठी कोश करत होते. मी पहिले पान डावीकडून उजवीकडे जुळवून मोकळी झाले. हिब्रू उजवीकडून वाचतात, हे मला कुठून ठाऊक? सर म्हणाले, "बाई, तुम्ही संदेष्ट्यांना उलट्या पावलांनी चालवलंत!" मी चरकले. उलट्या पावलांचे आमच्या दांडी गावात वेगळेच कोणी असतात. सर मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

पालघरजवळच्या माहीमची बागायती वाडी सांभाळून सरांनी निवृत्तीनंतर हे काम अंगावर घेतले. त्यांचा एक हट्ट आहे. शब्दाचा अर्थ जिवंत माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते कार्डावर उतरवत नाहीत. त्यापायी 'त्सिफ्त्सेफ'चे कार्ड दोन वर्षे कोरे राहिले. जुन्या करारात हा शब्द चारच ठिकाणी येतो, चारही वेळा एकाच संदेष्ट्याच्या तोंडी. एकदा घरट्यातल्या पाखरासाठी, एकदा आजारी राजाच्या कण्हण्यासाठी आणि दोनदा मेलेल्यांच्या आवाजासाठी. त्यातला एक थेट मातीखालून येतो. 'चिवचिव' लिहावे तर मेलेले रुसतील, 'कुजबुज' लिहावे तर पाखरे उडतील, असे सर म्हणत.

त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ समुद्रावर गेला तो परतला नाही. आई रोज ओहोटीला ओल्या रेतीला कान लावून पडू लागली. तिने अन्न सोडले. तिला खोलीत कोंडायचे, असे घरच्या पुरुषांनी ठरवले. मी दुकानात सरांसमोर रडले.  दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते बोईसरला गाडीतून उतरून, रिक्षा करून दांडीला आले आणि आईशेजारी रेतीवर आडवे झाले.

"बाय, कसा येतो आवाज?"

"पिल्लावानी. बारीक. बोलतो हाय, पन शब्द नाय."

"काही मागतो?"

"नाय. काय मागत नाय."

"मग तो उपाशी नसावा. तुम्ही जेवलात?"

खरे सांगते, मला सरांचा संताप आला होता. आमच्या दुःखातून यांना अर्थ हवा आहे, असे वाटले. पण आई उठून बसली. त्या दिवशी तिने सरांच्या डब्यातला भात खाल्ला. कोंडण्याची भाषा घरात पुन्हा निघाली नाही.

ती जेवत असताना मीही कान लावला. खेकड्यांच्या बिळांतला, बुडबुड्यांचा आवाज मी लहानपणापासून ओळखते. हा तो नव्हता. मी सरांकडे पाहिले. ते अजून रेतीला कान लावून होते.

त्यांनी तिथे काहीही टिपून घेतले नाही. महिन्याने आईची परवानगी मागून कार्ड भरले: "शब्दांवाचूनचे बारीक बोलणे. ऐकणारा असेल तोवरच." त्या दिवशी माझा राग पुरता विरघळला.

आई अजूनही ओहोटीला जाते, पण जेवून जाते. सरांच्या पंचाहत्तरीला काय शुभेच्छा देऊ, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "सरांना सांग, माज्यामागं लय वरसं जगा. कान धड ठेवा. मी गेल्यावर बोलीन, तवा आयकायला कोनतरी पायजे."

सर, आईची प्रकृती अगदी ठणठणीत आहे. तेव्हा आपल्याला पुष्कळ वर्षे निरोगी राहावे लागेल.