सांडव्यावरून माघारी

ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की मधुमेहाने डोळे फार खराब झालेत, खात्री देता येणार नाही. माझी श्रद्धा त्या दिवसांत डळमळली होती. तरी सवयीने नवस बोलले. पंचवटीत भाजी घेताना करते तशी घासाघीस मी देवाशीही करत आले आहे. हरसूलकडच्या डोंगरात एक तळं आहे, काठावर महादेवाचं छोटं देऊळ. दोन्ही डोळे वाचव, तळ्याला अख्खी प्रदक्षिणा घालते, आणि तीही ऑपरेशनच्या आधीच, म्हणजे तुला सबब नको, असं मी महादेवाला म्हटलं.

आमच्या कॉलनीतल्या निसर्गप्रेमी मंडळींची सहल नेमकी तिथेच निघाली. पावसाळा नुकताच सरला होता. ते तळ्याभोवती चालत पक्षी बघणार होते, मी त्यांच्यात सामील झाले. ह्यांना घरी एकटं ठेववेना, म्हणून सोबत नेलं आणि देवळाच्या पायरीवर सावलीत बसवलं. सकाळचं इन्सुलिन झालं होतं. डबा शेजारी ठेवला, वेळेवर खा म्हणून बजावलं आणि निघाले.

मंडळी पक्षी दिसला की दुर्बिणी लावून थांबत. मला फेरी उरकायची घाई. निम्मं तळंही झालं नव्हतं तोच सांडवा आला. तळं भरलं की जादा पाणी तिथून वाहून जातं. पाणी गुडघाभरच, पण ओढ जबर आणि खाली शेवाळ. बाकीचे हात धरून पार गेले, माझा पाय सारखा घसरू लागला. गटप्रमुख म्हणाले, "काकू, राहू द्या. आल्या वाटेने सावकाश माघारी जा." मला रडूच कोसळलं.

काठावर एक बाई धुणं धूत होती. का रडता म्हणून तिने विचारलं. मी नवसाचं सांगितलं.

"महादेवाचं पानी वलांडत्यात का कोनी, बाई?" ती म्हणाली. "हितूनच माघारी फिरायचं. झाली तुमची फेरी."

महादेवाच्या देवळात पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथवरच जायचं आणि ते न ओलांडता मागे वळायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक. दर सोमवारी मी तेच करते. तरी मन मानेना. चिडतच परतले.

देवळापाशी आले तर हे घामाने निथळत भिंतीला टेकलेले, जीभ जड, मला ओळखेनात. डबा पायऱ्यांखाली उपडा आणि माकडं पोळ्या खात बसलेली. अंधुक डोळ्यांना ती दिसलीच नसणार. रक्तातली साखर उतरली होती. फेरी पुरी झाल्यावर वाटायला आणलेली खडीसाखर पिशवीत होती. दगडाने ठेचली आणि चिमूट चिमूट ह्यांच्या गालात भरत राहिले. बऱ्याच वेळाने हे म्हणाले, "अगं, एवढ्यात कशी आलीस?"

मंडळी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. सांडवा पार करता आला असता, तर मीही तेव्हाच पोचले असते. याहून जास्त मी काही म्हणत नाही.

ऑपरेशननंतर एक डोळा वाचला, दुसरा गेला. एका डोळ्याने हे पेपर वाचतात. मी दोन मागितले होते, पण किती द्यायचं ते आता त्याच्यावर सोडलंय, आणि जे दिलं त्याचे उपकार मानते. सोमवारी आम्ही दोघं देवळात जातो. पूर्वी पाण्यापाशी वळताना मी काहीतरी मागत असे. आता ह्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्याच्या बाजूने हात धरते आणि आम्ही माघारी वळतो.